लहान घड्याळाची बदनामी

‘जुनं लेडीज घड्याळ घेऊ नका. अस्सल असेल तर परवडणार नाही, आणि परवडत असेल तर ते अस्सल नसेल.’ कोल्हापुरात एखादीनं चावीचं जुनं मनगटी घड्याळ हवं असं नुसतं म्हटलं, तरी हा सल्ला तिला घरबसल्या मिळतो. नात्यातला जाणता काका देतो, शोरूमचा विक्रेता देतो, आणि पुरुषांची जुनी घड्याळं जमवणारा हौशी तर जरा जास्तच ठामपणे देतो. पाठोपाठ पुरवण्या येतात. बिल-डबा नसेल तर खोटं समजायचं. घ्यायचंच तर सोन्याचं घ्या, निदान सोनं तरी हातात राहील. आणि शेवटचा दणका असा, की एवढंसं ते मशीन, त्यात काय राम!

ही वाक्यं वापरून वापरून गुळगुळीत झाली आहेत, म्हणून ती तपासायचं कुणाच्या मनात येत नाही. इथे ती एकेक करून तपासू. माझं म्हणणं आधीच सांगते. हातात फार पैसा नसताना अस्सल जुनं मनगटी घड्याळ घ्यायचं असेल, तर आज सगळ्यांत कमी धोक्याचा सौदा लेडीज घड्याळाचाच आहे. बाजारानं त्याला कमी लेखलं, हेच त्याचं कारण. तीन हजार रुपये घेऊन निघालेली बाई फसलीच पाहिजे असा काही नियम नाही. काय बघायचं ते तिला कुणी सांगत नाही, एवढंच.

पहिला मुद्दा किमतीचा. स्वस्त म्हणजे बनावट, हे गणित मागणी असलेल्या मालाला लागू पडतं. बनावट करायलाही मेहनत आणि पैसा लागतो. तो वसूल होणार असेल तरच कुणी त्या वाटेला जातं. जुन्या घड्याळांच्या शौकिनांत ‘मुंबई स्पेशल’ म्हणून ओळखला जाणारा प्रकार बघा. मशीन जुनंच, पण डायल खरवडून नव्यानं रंगवलेला, काटे भलत्याच घड्याळाचे, चावी तिसऱ्याची. रंगही असे भडक, की मूळ कंपनीनं ते कधी केलेच नव्हते. हा उद्योग कोणत्या घड्याळांवर चालतो? एचएमटीच्या ‘पायलट’वर, ‘जनता’वर, फेवर ल्यूबावर, सीको फाइव्हवर. म्हणजे ज्यांच्यामागे पुरुष शौकीन धावतात त्यांच्यावर.

आता ‘सुजाता’कडे या. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्यानं बंगळूरात एचएमटीचा घड्याळ कारखाना सुरू झाला. सुजाता हे त्या कारखान्याचं सुरुवातीच्या काळातलं स्त्रियांचं घड्याळ. जनता आणि सुजाता एकाच घरातली भावंडं. त्यातल्या जनताला शौकीन आज डोक्यावर घेतात, आणि सुजाताला दुकानदार ‘लेडीज आहे, बघा काय द्यायचं ते’ म्हणत काउंटरवर सरकवतो. हा पक्षपात चुकीचाच आहे, पण तो गिऱ्हाइकाच्या पथ्यावर पडतो. जिथे पाचशे-हजारच सुटायचे तिथे डायल रंगवण्याचा खर्च कोण करणार? रंगवलेली लेडीज घड्याळं मुळीच सापडत नाहीत असं मी म्हणत नाही. पण ज्या मालाला शौकीन हात लावत नाही, त्या मालात मूळ डायल, मूळ काटे आणि मूळ मशीन एकत्र सापडण्याची शक्यता जास्त, हा साधा व्यवहार आहे.

दुसरा आक्षेप जरा प्रतिष्ठेच्या सुरात येतो. लेडीज घड्याळ हा दागिना, खरं यंत्र पुरुषांचं. हे म्हणणाऱ्यांना मनगटी घड्याळाचा इतिहासच ठाऊक नाही. १८१० मध्ये नेपल्सची राणी कॅरोलिन म्युरा हिनं पॅरिसच्या ब्रेगेकडे मनगटावर बांधायचं घड्याळ मागवलं आणि १८१२ मध्ये ते पुरं झालं. पतेक फिलिपनं १८६८ मध्ये मनगटी घड्याळ घडवलं तेही हंगेरीच्या एका काउंटेससाठी. त्या काळी पुरुष खिशात साखळीचं घड्याळ बाळगत आणि मनगटावर घड्याळ बांधणं बायकी समजत. पहिल्या महायुद्धात खंदकातल्या सैनिकाला खिशात हात घालायला सवड उरली नाही, तेव्हा पुरुषांनी बायकांची ही सोय उचलली. ज्यांनी उसनं घेतलं तेच आता मूळ मालकिणीला हिणवत आहेत.

राहिला आकाराचा प्रश्न. लहान म्हणजे हलकं, ही समजूत निदान कोल्हापूरकरानं तरी बाळगू नये. शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनाचे भाग घडवणारं, बाबूराव पेंटरांचा सिनेमाचा कॅमेरा जिथे तयार झाला ते हे शहर आहे. यंत्राचा कस त्याच्या मापातल्या अचूकपणावर लागतो, हे इथल्या लेथवर काम करणाऱ्या पोराला सांगावं लागत नाही. घड्याळाच्या मशीनचं माप लिन्यमध्ये मोजतात. एक लिन्य म्हणजे सुमारे सव्वादोन मिलिमीटर. साडेपाच लिन्यचं लेडीज मशीन जेमतेम १२ मिलिमीटर व्यासाचं. त्यात मेन स्प्रिंग, चाकांची माळ, बॅलन्स, हेअरस्प्रिंग आणि १७ ज्वेल, सगळं मोठ्या घड्याळासारखंच बसवायचं. १९२९ मध्ये जेजर-लकुल्त्र यांनी ‘कॅलिबर १०१’ काढलं. वजन सुमारे एक ग्रॅम. ते बायकांच्या घड्याळासाठीच होतं, आणि १९५३ च्या राज्याभिषेकाला दुसऱ्या एलिझाबेथ राणीच्या मनगटावर हेच मशीन चालत होतं. घड्याळजीच्या हाताची खरी परीक्षा लहान मशीन घेतं.

आणि दागिना म्हणाल, तर तो दागिना कामावर जात होता. साठ-सत्तरच्या दशकांत शाळेत तास घेणाऱ्या बाई, छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयातल्या नर्स, १९६२ मध्ये स्थापन झालेल्या शिवाजी विद्यापीठाच्या कचेऱ्यांत फायली हाताळणाऱ्या कारकून स्त्रिया, यांना वेळ बघायला दुसरं काय होतं? नाडी मोजायची म्हणून नर्सच्या घड्याळाला सेकंद काटा लागायचा. लग्नकार्यात मिरवायच्या घड्याळाला बहुधा तो नसे. हा फरक आजच्या गिऱ्हाइकालाही उपयोगी पडतो. सेकंद काटा असलेलं घड्याळ रोज वापरलं गेलेलं असण्याची शक्यता जास्त, म्हणून त्याची झीज नीट तपासा. काटा नसलेलं अनेकदा कपाटात जपून ठेवलेलं असतं, पण त्यातलं तेल सुकून गोंद झालेलं असतं. दोन्हीही घेण्यासारखी आहेत. घेताना प्रश्न वेगवेगळे विचारायचे.

तिसरा आक्षेप बिल आणि डब्याचा. परदेशात लिलावातल्या घड्याळांना मूळ डबा आणि कागद असले की किंमत वाढते, हे खरं. पण ती कसोटी आपल्याकडे जशीच्या तशी आणणाऱ्यांनी आपला इतिहास बघितलेला नाही. स्वातंत्र्यानंतरची काही दशकं परदेशी घड्याळांच्या आयातीवर कडक निर्बंध होते. १९६२ च्या सीमाशुल्क कायद्याचं १२३ वं कलम वाचा. तस्करीच्या संशयावरून जप्त झालेला माल तस्करीचा नाही, हे सिद्ध करण्याची जबाबदारी हे कलम तो ज्याच्या ताब्यातून मिळाला त्याच्यावर टाकतं. ते ज्या वस्तूंना लागू आहे त्यांत सोन्याच्या जोडीला घड्याळांचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. सोन्याच्या पंक्तीला बसवावी लागली, म्हणजे ही वस्तू मागल्या दारानं किती येत असेल याचा अंदाज करा.

कोल्हापूर तर त्या वाटांच्या तोंडाशीच होतं. एका बाजूला कोकणचा किनारा. घाट उतरला की गोवा, आणि तो डिसेंबर १९६१ पर्यंत पोर्तुगिजांच्या ताब्यात, जिथे परदेशी मालाला आपल्यासारखी आडकाठी नव्हती. पुढे आखातात नोकरीला गेलेल्या नातेवाइकांच्या बॅगा आल्या. अशा वाटेनं आलेल्या स्विस किंवा जपानी घड्याळाला महाद्वार रोडच्या दुकानाचं बिल कुठून असणार? बिल नाही म्हणून घड्याळ खोटं ठरवलं, तर त्या पिढीतली निम्मीअधिक खरी घड्याळं आपण खोटी ठरवू. शिवाय डायल छापण्यापेक्षा कागद छापणं सोपं आहे. नवाकोरा डबा आणि करकरीत हमीपत्र दिसलं की मला उलट जास्त शंका येते. पावती हवीच, पण ती आजच्या विक्रेत्याची, आजच्या तारखेची. चोरीचा माल गळ्यात पडू नये म्हणून ती घ्यायची. घड्याळाच्या अस्सलपणाशी तिचा संबंध नाही.

चौथा सल्ला गुजरीतल्या सराफांकडून येतो, आणि तो प्रेमानं दिलेला असतो म्हणून जास्त घातक. ‘सोन्याचं घ्या.’ सोन्याचा भाव कळणाऱ्या शहरात हा सल्ला शहाणपणाचा वाटतो. पण सोन्यासाठी घड्याळ घेणाऱ्याला घड्याळाची काळजी नसते. भाव चढला की केस आणि पट्टा मुशीत जातात आणि चालतं मशीन रिकाम्या डबीत पडून राहतं. जगभर सोन्याची किती जुनी लेडीज घड्याळं अशी संपली. त्यांच्या मुलाम्याच्या आणि स्टीलच्या बहिणी मात्र वाचल्या, कारण वितळवून काही हाती लागत नव्हतं.

तीन हजारांत सोन्याचं घड्याळ कुणी दिलं, तर ते सोन्याचं नाही एवढं तरी पक्कं समजा. स्विस बनावटीच्या जुन्या १८ कॅरेट केसवर स्त्रीच्या मुखवट्याची, हेल्वेशियाची, बारीक खूण असते आणि १४ कॅरेटवर खारीची. ‘२० मायक्रॉन’ लिहिलेलं असेल तर तो मुलामा, जाडी ०.०२ मिलिमीटर. मागे ‘स्टेनलेस स्टील बॅक’ असेल, तर झाकण तेवढं स्टीलचं आणि बाकीची केस बहुधा पितळेवर मुलामा चढवलेली. यात फसवणूक काहीच नाही; कंपनीनं खरं तेच लिहिलं आहे. मुलाम्याचं घड्याळ मुलाम्याचं म्हणून घ्या. पट्टा अडकतो त्या शिंगांवर पितळ उघडं पडलं असेल तर भाव पाडून घ्या.

आता या सगळ्या बदनामीतला खरा दोषी. तो विक्रेत्यापेक्षाही आपल्या डोळ्यांत बसला आहे. जुनं हवं, पण नव्यासारखं दिसायला हवं, हा आपला हट्ट. डायल रंगवणारा कारागीर या हट्टावरच पोट भरतो. पन्नास वर्षं जगलेल्या डायलवर थोडा पिवळेपणा येणारच, काठाला बारीक ठिपके पडणारच. ते डाग म्हणजे वयाचा दाखला. तो पुसून टाकलेला डायल जास्त पैसे देऊन घ्यायचा, आणि मग अस्सल मिळत नाही म्हणून गळा काढायचा, याला काय म्हणावं?

बघायचं ते असं. भिंगाखाली डायलवरची अक्षरं पाहा. कारखान्यातली छपाई धारदार आणि एकसारखी असते. पुन्हा छापलेल्या अक्षरांच्या कडा फुगतात. सहाच्या आकड्याखाली डायलच्या अगदी काठावर ‘स्विस’ किंवा ‘स्विस मेड’ अशी सूक्ष्म ओळ असते. रंगकामात ती गळते, नाहीतर वाकडी बसते. मिनिट काटा मिनिटांच्या रेघांपर्यंत पोचतो का पाहा. आखूड पडत असेल तर तो दुसऱ्या घड्याळाचा. मग मागचं झाकण उघडायला सांगा. विक्रेता का-कू करू लागला तर उठून या. त्याच्याकडे चांगलं घड्याळ असेलही, पण न दाखवलेल्या मशीनचे पैसे आपण द्यायचे नाहीत.

झाकण उघडल्यावर बघायच्या गोष्टी थोड्या. स्क्रूंच्या खाचा कुरतडलेल्या असतील तर अडाणी हात फिरलेला आहे. हेअरस्प्रिंगचे वेढे एकसारख्या अंतरावर, चपटे हवेत. चावी थोडी फिरवताच बॅलन्स चटकन जागा होऊन मोकळा डुलला पाहिजे. सेकंद काटा नसलेल्या घड्याळाची तब्येत इथेच कळते. एचएमटीच्या मशीनवर एचएमटीचा शिक्का हवा. अगदी सुरुवातीच्या डायलवर सिटिझनचंही नाव असतं, ते बघून दचकू नका. स्विस घड्याळात डायलवरचं आणि मशीनवरचं नाव वेगळं निघालं म्हणून लगेच नाक मुरडू नका. कितीतरी मध्यम कंपन्या एटा, ए. शिल्ड किंवा एफएचएफ यांची मशीन घेऊन आपल्या नावानं घड्याळं विकत. ती खूण बॅलन्सच्या शेजारी तळपट्टीवर कोरलेली असते. पण एचएमटीच्या डायलखाली तिसऱ्याच कंपनीचं मशीन दिसलं, तर ते जोडकाम. ते घेऊ नका.

शेवटचा आक्षेप टिकाऊपणाचा. यात तथ्य आहे, आणि ते कबूल केल्याशिवाय हा प्रतिवाद प्रामाणिक होणार नाही. लहान मशीनमध्ये ताकद कमी असते. धुळीचा कण किंवा सुकलेलं तेल मोठ्या घड्याळाला जेवढं अडवतं त्याहून जास्त त्याला अडवतं. दिवसाला दोन-चार मिनिटं पुढेमागे होईल. पाणी आणि घाम त्याला चालत नाही. कोल्हापूरच्या जुलैच्या पावसात ते घालून बाहेर पडणं हा अत्याचार आहे. अनेकांत धक्का सोसायची व्यवस्थाही नसते. सुटे भाग दुर्मीळ होत चालले आहेत. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली, त्यामुळे नवे भाग यायची आशाच संपली. भाग मिळतात ते बंद पडलेल्या घड्याळांतून.

पण यावर उपाय म्हणून ‘त्यापेक्षा क्वार्ट्झ घ्या’ सांगणाऱ्यांनी एका गोष्टीचं उत्तर द्यावं. टायटननं १९८७ मध्ये क्वार्ट्झ घड्याळं बाजारात आणली, १९९२ मध्ये खास स्त्रियांसाठी ‘रागा’ आली. ती देखणी होती, वेळ अचूक दाखवत होती, आणि चावीच्या घड्याळाचा बाजार त्यांनीच उठवला. त्या काळातलं क्वार्ट्झ आज बिघडलं तर बहुतेक ठिकाणी काय करतात? आतलं मशीन काढून फेकतात आणि नवं बसवतात. सेल फुटून आत गळला असेल तर दुसरा इलाजही नसतो. मग उरलं काय? जुनी केस, जुना डायल आणि आत कालचं मशीन. चावीचं घड्याळ मात्र खोलता येतं, धुता येतं, तेल घालून पुन्हा त्याच भागांनिशी चालू करता येतं. वय वाढलं तरी आतून तेच राहण्याची सोय त्यातच आहे. अस्सलपणाचा आग्रह धरणाऱ्यांनी क्वार्ट्झची शिफारस करावी, ही गंमतच म्हणायची.

तेव्हा तीन हजारांचा हिशोब असा मांडा. घड्याळावर दोन हजारांपेक्षा जास्त घालवू नका. उरलेले हजार सर्व्हिसिंग, काच आणि पट्ट्यासाठी बाजूला ठेवा, कारण ‘सर्व्हिस केलेलं आहे’ हे विक्रेत्याचं वाक्य आहे, घड्याळजीचं नाही. नाव मोठं शोधू नका. ज्याचे भाग आजही सापडतात असं मशीन शोधा. त्यासाठी आधी घड्याळजी ठरवा आणि मगच घड्याळ. लेडीज मशीन हातात घ्यायला तयार असलेला माणूस शहरात कोण आहे, हे विचारत फिरा. कोणतं मशीन तो दुरुस्त करू शकतो हे त्याच्याच तोंडून ऐका आणि तेच विकत घ्या. अरुंद पट्टा दुकानात मिळत नाही ही तक्रार चप्पल लाइनीच्या गावात तरी कुणी करू नये; चामड्याचा पट्टा बेताच्या पैशात शिवून मिळतो.

हे सगळं करूनही एखाद्या वेळी फसगत होईल. पण तेवढ्यावरून लेडीज घड्याळाला बनावट ठरवणं चूक आहे. मर्यादित पैशात अस्सल मिळतं, आणि ते तिथेच मिळतं जिथे शौकिनांची गर्दी नाही. घरात बंद पडलेलं असं घड्याळ असेल, तर ते मोडीत घालण्याआधी घड्याळजीला दाखवा. त्यासाठी तीन हजारही लागणार नाहीत. नसेल तर बाजारात जा, भिंग घेऊन जा, झाकण उघडून बघा. घासाघीस करायचीच असेल तर विकणाऱ्याशी करा. दुरुस्त करणाऱ्याला मात्र त्याची मजुरी पूर्ण द्या. त्यानं दुकान बंद केलं, तर अस्सल घड्याळ मिळूनही चालवता येणार नाही.